अमेरिकेतील वर्णद्वेष आणि मराठी विचार : नगर जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

१

अमेरिकेतील वर्णद्वेषाविषयी मराठीत विचार होऊ लागला त्याला दीडशे वर्षे उलटून गेली. १८७३ साली जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील संयुक्त संस्थानांच्या सज्जन लोकांस अर्पण केला, तेव्हापासून हा विषय आपल्या वैचारिक वाङ्मयात कोणत्या ना कोणत्या रूपाने सतत वावरत आहे. अलीकडे तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत ‘वर्ण आणि जात’ हा तौलनिक अभ्यासाचा एक लोकप्रिय विषय होऊन बसला आहे. या प्रबंधिका वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. तुलनेची दोन पदे समोरासमोर मांडली, की साम्यस्थळांची यादी करावयाची आणि शेवटी दोन्हीकडील दुःख एकच आहे असा निष्कर्ष काढावयाचा, अशी एक ठरीव पद्धत रूढ झाली आहे. दुसऱ्या पक्षी, ही तुलनाच अशास्त्रीय आहे असे म्हणून ती मुळातच मोडीत काढणारेही आहेत. ही दोन्ही मते सोयीची आहेत. म्हणूनच ती तपासून पाहिली पाहिजेत.

प्रस्तुत लेखात मराठी विचारपरंपरेतील तीन साक्षी घेतल्या आहेत : फुले यांची अर्पणपत्रिका, पंडिता रमाबाईंचे अमेरिकाविषयक प्रवासवृत्त आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे या विषयावरील विवेचन. त्यांची चिकित्सा करताना नगर जिल्ह्याचा संदर्भ मी मुद्दाम घेतला आहे. त्यात स्थानिक अभिमानाचा भाग नाही. अमेरिका आणि महाराष्ट्र यांचा प्रत्यक्ष संबंध ज्या थोड्या ठिकाणी जुना आणि दाट आहे, त्यांत नगरचा क्रम वरचा लागतो, एवढेच त्याचे कारण. लेखाच्या अखेरच्या भागात काही वैयक्तिक अनुभव नमूद केले आहेत. संशोधनपत्रिकेत अशा मजकुरास सहसा स्थान नसते हे मी जाणतो. परंतु पूर्वग्रह हा विषयच असा आहे, की अभ्यासकाने स्वतःला त्यातून वगळले तर अभ्यास अपुरा राहतो.

आरंभीच एक शब्दविचार करणे अवश्य आहे. ‘वर्णद्वेष’ हा शब्द आपण परकीय कल्पनेसाठी घडविला; पण त्यातील ‘वर्ण’ हा शब्द आपल्याकडे आधीच दोन अर्थांनी भारलेला होता. ‘गौरवर्ण’ म्हणताना आपण रंगाविषयी बोलतो आणि ‘चातुर्वर्ण्य’ म्हणताना समाजरचनेविषयी. यामुळे ‘वर्णद्वेष’ हा शब्द उच्चारताच अमेरिकेचा प्रश्न रंगाचा आणि आपला प्रश्न व्यवस्थेचा, असे दोन अर्थ एकमेकांत मिसळून जातात. काही जण म्हणूनच ‘वंशद्वेष’ हा पर्याय पसंत करतात. पण हा गोंधळ केवळ भाषेचा आहे असे समजण्याचे कारण नाही. त्यामागे विचारांचा एक इतिहास आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

नगरने अमेरिका प्रथम पाहिली ती मिशनऱ्यांच्या रूपाने. बोस्टन येथील अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ साली त्यांनी नगर येथे ठाणे मांडले. हीच पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ या नावाने प्रसिद्ध झालेली संस्था. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली निघाले ते नगरहूनच. सिंथिया फरार या बाई १८२७ साली मुंबईस आल्या, १८३९ पासून नगर येथे मुलींच्या शाळा चालवू लागल्या आणि १८६२ साली नगर येथेच त्यांचा अंत झाला. फुले यांनी आपल्या एका मित्रासमवेत नगरमधील मिशनच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, तेथील शिकविण्याची रीत त्यांना पसंत पडली आणि पुण्यास परतल्यावर त्यांनी स्वतः शाळा काढली, असे १८५३ साली ‘ज्ञानोदया’त आलेल्या त्यांच्या निवेदनावरून कळते. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षण फरारबाईंच्या देखरेखीखाली झाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तेव्हा अमेरिकन माणूस म्हणजे मुलींना आणि अस्पृश्यांना अक्षर शिकविणारा माणूस, ही प्रतिमा फुल्यांच्या मनात नगरच्या भेटीने ठसली असावी, असे मानण्यास जागा आहे.

ही प्रतिमा खोटी नव्हती, पण अपुरी होती. फुले नगरची शाळा पाहत होते, त्या वेळी अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने चालू होती. १८५० च्या तेथील जनगणनेत गुलामांची संख्या सुमारे ३२ लक्ष होती. १८६० साली ती ३९ लक्षांच्या वर गेली. फरारबाई निवर्तल्या तेव्हा लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा निघावयाचा होता. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्या अमेरिकन बोर्डाने हे मिशनरी धाडले होते, त्या बोर्डावर त्याच्या स्वदेशातच गुलामगिरीच्या प्रश्नावरून कठोर टीका चालू होती. चेरोकी व चोक्टॉ या आदिवासी जमातींमध्ये बोर्डाने स्थापिलेल्या मंडळ्यांत गुलामांचे मालक सभासद होते, आणि गुलाम बाळगणे हे मंडळीतून वगळण्यास पुरेसे पाप आहे असे म्हणण्यास बोर्डाने १८४५ साली नकार दिला. या मवाळपणास कंटाळून गुलामगिरीच्या विरोधकांनी १८४६ साली ‘अमेरिकन मिशनरी असोसिएशन’ ही वेगळी संस्था काढली.

याचा अर्थ नगरमधील शिक्षकांचे काम दांभिक होते असा करणे अन्यायाचे होईल. बोर्डाचे धोरण निराळे आणि नगरच्या धुळीत आयुष्य वेचणाऱ्या एका शिक्षिकेचे काम निराळे. परंतु एक गोष्ट यातून सिद्ध होते. दूरच्या समाजातील अन्याय दिसणे आणि त्याविरुद्ध झटणे, आणि त्याच वेळी आपल्या अंगणातील अन्यायाशी तडजोड करणे, या दोन गोष्टी एकाच संस्थेच्या कारभारात शेजारी शेजारी सुखाने नांदू शकतात. लेखाच्या अखेरीस हा मुद्दा पुन्हा येईल.

अमेरिकेतील गुलामगिरीचा नगरशी आणखीही एक संबंध आहे. तो धर्माचा नसून कापसाचा आहे. दक्षिणेकडील संस्थानांत गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातील कापसाचे भाव एकाएकी वाढले. त्या तेजीत सावकाराने शेतकऱ्यास कर्ज सढळ हाताने दिले. युद्ध संपले, भाव कोसळले, पुढे सरकारने फेरआकारणीत साराही वाढविला, आणि कर्ज मात्र तसेच राहिले. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला सावकारांविरुद्धचा उठाव बघता बघता नगर जिल्ह्यात पसरला. या उठावाची इतर कारणेही होतीच. तथापि अमेरिकेतील गुलामाचा प्रश्न हा नगरच्या कुणब्याला केवळ वर्तमानपत्री प्रश्न नव्हता. त्याच्या खतावणीपर्यंत तो येऊन पोहोचला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे फुल्यांच्या अर्पणपत्रिकेकडे आपण निव्वळ भावनिक कृती म्हणून पाहणार नाही.

३

आता त्या अर्पणपत्रिकेकडे वळू. अमेरिकेतील सज्जनांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी जो निरपेक्ष त्याग केला त्याबद्दल आदर म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बंधूंना ब्राह्मणांच्या दास्यातून सोडवावे या इच्छेने, हा ग्रंथ अर्पण करीत आहोत, असा तिचा आशय आहे. तिच्यात दोन भाग आहेत हे सहसा लक्षात घेतले जात नाही. पहिला भाग अमेरिकनांच्या स्तुतीचा, दुसरा स्वदेशीयांस आवाहनाचा. आवाहन कोणास आहे? ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांस नव्हे. जे अन्याय पाहतात, किंबहुना ज्यांना त्याचा लाभ होतो, त्यांस आहे. अमेरिकेतील गोऱ्या माणसांपैकी काहींनी आपल्याच लोकांविरुद्ध उभे राहून गुलामांची बाजू घेतली, तसे येथील वरिष्ठांनी करावे, अशी ही अपेक्षा आहे. तेव्हा ही अर्पणपत्रिका जितकी कृतज्ञतेची, तितकीच टोचणीची आहे.

ग्रंथाच्या प्रस्तावनेत फुले या तुलनेला अधिक नेमके रूप देतात. अमेरिकेतील काळ्या लोकांत आणि येथील शूद्रातिशूद्रांत त्यांना भेद दिसतो तो दास्यात पडण्याच्या रीतीचा : ते धरून नेले गेले, हे जिंकले गेले. दुःखाच्या बाबतीत दोघांची स्थिती त्यांना सारखीच वाटते. येथे फुल्यांच्या युक्तिवादाचा पाया दिसतो. परकीय आर्यांनी येथील मूळ रहिवाशांना जिंकून दास केले, हा त्यांचा सिद्धांत. म्हणजे अमेरिकेशी असलेले साम्य त्यांच्या दृष्टीने केवळ दुःखाचे साम्य नव्हते. ते उगमाचेही साम्य होते. दोन्हीकडे एका लोकसमूहाने दुसऱ्या, निराळ्या लोकसमूहाला बळाने ताब्यात घेतले, असे त्यांना म्हणावयाचे आहे.

या भूमिकेचे बळ उघड आहे. जात ही ईश्वरनिर्मित आहे, पूर्वकर्माचे फळ आहे, या समजुतीला तिने एका घावात छेद दिला. जे जिंकून लादले गेले ते मनुष्यकृत आहे, आणि जे मनुष्यकृत आहे ते मनुष्यास मोडता येते. अमेरिकेने ते मोडून दाखविले आहे. ‘अमेरिका’ हा शब्द फुल्यांच्या ग्रंथात असा शक्यतेचा पुरावा म्हणून येतो. एखाद्या वकिलाने पूर्वीच्या निवाड्याचा दाखला द्यावा, तसा तो दिला आहे.

परंतु दाखल्याची तपासणी करणे हे टीकाकाराचे काम आहे. ज्या वर्षी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १३ एप्रिल १८७३ रोजी, लुइझियाना संस्थानातील कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीय नागरिकांची कत्तल केली. तीत अनेकांना शरण आल्यावर मारण्यात आले. या प्रकरणात ज्या थोड्यांना शिक्षा झाली, तीही तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या १८७६ च्या निर्णयामुळे टिकली नाही. १८७७ साली दक्षिणेतील संस्थानांवरील संघराज्याची लष्करी देखरेख संपली. १८९६ साली त्याच न्यायालयाने रेल्वेच्या डब्यातील वेगळ्या बैठकीस ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाने मान्यता दिली. १८६५, १८६८ आणि १८७० च्या तीन घटनादुरुस्त्यांनी दिलेले मुक्ती, नागरिकत्व आणि मतदान हे हक्क कागदावर राहिले. आणि त्यांतील पुष्कळसे खऱ्या अर्थाने हाती येण्यास १९५४ चा शाळांविषयीचा निवाडा, १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५ चा मतदानाचा कायदा यांची वाट पाहावी लागली.

फुल्यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे इतिहासदृष्टीचा अभाव ठरेल. दोष असेल तर तो आपला आहे. आपण आजही त्या अर्पणपत्रिकेचा उल्लेख करून थांबतो, आणि अमेरिकेने गुलामगिरी नष्ट केली व प्रश्न सुटला, अशी समजूत करून घेतो. कायद्याने दास्य संपते; दास्यावर पोसलेली मनोवृत्ती त्याच दिवशी संपत नाही. हे ज्या मराठी लेखिकेने प्रत्यक्ष पाहून लिहिले ती म्हणजे पंडिता रमाबाई.

४

रमाबाई १८८६ च्या प्रारंभी अमेरिकेस पोहोचल्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहणे हे तात्कालिक निमित्त होते. पुढे सुमारे पावणेतीन वर्षे त्या देशभर हिंडल्या आणि १८८९ साली त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मुंबईस प्रसिद्ध झाले. मराठीतील प्रवासवाङ्मयात या ग्रंथाचे स्थान निराळे आहे. त्यात प्रवासाचे वर्णन थोडे आणि समाजाचे विश्लेषण फार आहे : राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व परोपकारी संस्था, आणि सर्वांवर कळस म्हणजे स्त्रियांची स्थिती.

ग्रंथाचा एकूण सूर प्रशंसेचा आहे. ते स्वाभाविक होते. बोस्टन येथे १८८७ साली स्थापन झालेल्या मंडळाच्या साह्याने त्या विधवांसाठी शाळा काढणार होत्या, आणि १८८९ च्या मार्चमध्ये ‘शारदा सदन’ सुरूही झाले. असे असता ग्रंथात दोन ठिकाणी त्यांची लेखणी प्रशंसेचा सूर सोडते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. एक, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची भूमी युरोपियनांनी कशी बळकावली याचे वर्णन करताना. आणि दुसरे, गुलामगिरी गेली तरी कातडीच्या रंगाविषयीचा तिरस्कार गेलेला नाही, हे नोंदविताना. त्यांनी हे ज्या भाषेत लिहिले ती भाषा अमेरिकन देणगीदारांना वाचता येणारी नव्हती. पुस्तक मराठी वाचकांसाठी होते. ज्यांचे आपण उपकृत आहोत त्यांचे दोष आपल्या माणसांपासून लपवावयाचे नाहीत, ही येथील लेखकीय नीती आहे.

रमाबाईंची दुसरी देणगी अधिक सूक्ष्म आहे. गुलामगिरीविरोधी चळवळ आणि स्त्रियांच्या हक्कांची चळवळ यांचा संबंध त्यांनी ओळखला. जो देश दासाच्या मुक्तीसाठी लढतो तो आपल्या स्त्रियांना मत देत नाही, हे तेथील स्त्रियांना त्या चळवळीत काम करतानाच उमगले. म्हणजे एका अन्यायाविरुद्ध झटणाऱ्यास दुसरा अन्याय दिसू लागतो. दुसऱ्या विभागात आपण याच्या उलट उदाहरण पाहिले. दोन्ही खरी आहेत, आणि कोणते केव्हा घडते याचा विचार केला पाहिजे.

मात्र रमाबाईंच्या दृष्टीलाही मर्यादा आहे. त्यांनी प्रामुख्याने पाहिली ती सुशिक्षित, मध्यमवर्गीय, धर्मपरायण गोऱ्या स्त्रियांची अमेरिका. कृष्णवर्णीयांचे जीवन त्यांच्या ग्रंथात मुख्य विषय म्हणून येत नाही. निरीक्षणाच्या कडेला येते. फुल्यांना अमेरिका दुरून दिसली आणि ती उजळ दिसली. रमाबाईंना ती जवळून दिसली आणि तिच्यावरील डाग दिसले. परंतु त्या डागाखाली जगणाऱ्या माणसाशी समान भूमीवर बोलणे, ही पायरी अद्याप यावयाची होती.

५

ती पायरी आंबेडकरांनी गाठली, पण सरळ मार्गाने नव्हे. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्क येथे कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ९ मे १९१६ रोजी तेथील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. त्यात त्यांनी एक मार्मिक गोष्ट म्हटली आहे : युरोपियन अभ्यासक स्वतः रंगाच्या पूर्वग्रहाने ग्रासलेले असल्यामुळे त्यांना जातीच्या मुळाशीही रंगच दिसतो. जात ही वंशभेदातून उद्भवलेली नाही, हे मत त्यांनी पुढे १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात आणि १९४६ च्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात अधिक विस्ताराने मांडले. ज्या सिद्धांतावर फुल्यांनी अमेरिकेशी असलेले साम्य उभारले होते, तो आर्यांच्या आक्रमणाचा सिद्धांतच आंबेडकरांनी त्याज्य ठरविला. फुल्यांना गुरू मानणाऱ्या विचारवंताने हे करावे, यात वैचारिक प्रामाणिकपणाचा एक वस्तुपाठ आहे.

उगमाचे साम्य असे निकालात निघाले, तरी तुलना संपली नाही. १९४६ च्या जुलैमध्ये आंबेडकरांनी अमेरिकेतील थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहिले. निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. भारतातील अस्पृश्यांनीही तो मार्ग अनुसरावा असे त्यांच्या मनात होते. दोन्ही समाजांच्या स्थितीत इतके साम्य आहे की निग्रोंच्या प्रश्नाचा अभ्यास अस्पृश्यांना आवश्यक आहे, असे त्यांनी त्यात म्हटले. दुबॉइस यांनी ३१ जुलै रोजी सहानुभूतीचे उत्तर धाडले. येथे तुलनेचे स्वरूपच पालटलेले दिसते. फुल्यांनी साम्य शोधले ते इतिहासात. आंबेडकरांनी ते शोधले स्थितीत आणि उपायात. आपण एका वंशाचे आहोत म्हणून नव्हे, तर आपल्यावर लादलेल्या बंधनांची रचना एकसारखी आहे आणि ती तोडण्याची साधने एकमेकांच्या उपयोगी पडतील म्हणून.

याच दृष्टीने त्यांनी दोन्ही व्यवस्थांतील भेदही लपविला नाही. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्यामुळे त्याला जगविण्यात मालकाचा स्वार्थ तरी असे; अस्पृश्याच्या जगण्यामरण्याची चिंता वाहण्याचे कारण कोणासच नव्हते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद वादग्रस्त ठरू शकतो. गुलामांच्या बाजारात विकल्या गेलेल्या मुलाच्या आईस तो पटणार नाही. पण अभ्यासकाने साम्याबरोबर भेदही मोजला पाहिजे, ही त्यातील शिस्त घेण्यासारखी आहे.

रंग हे आपल्याकडील भेदभावाचे मूळ नव्हे, याचा एक ठळक पुरावा नगरच्याच इतिहासात आहे. मलिक अंबर हा हबशी, इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला माणूस. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. तोही हबशीच होता. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर याच मलिक अंबराने निजामशाही पुन्हा उभी केली, पाव शतकाहून अधिक काळ मोगलांना रोखून धरले आणि १६२४ साली नगरजवळच्या भातवडीच्या लढाईत मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने लढले. बादशहा जहांगीर मात्र त्याचा उल्लेख त्याच्या काळेपणावरून हिणवून करी, आणि मलिक अंबराच्या छिन्न मस्तकावर आपण बाण सोडीत आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. म्हणजे काळ्या रंगाचा उपहास येथेही ठाऊक होता. पण तो उपहास मलिक अंबरास सत्तेवाचून ठेवू शकला नाही. त्याच काळात त्याच दख्खनेत गावकुसाबाहेरील महारास, त्याचा रंग कोणताही असो, ते कुस ओलांडता आले नसते. अडसर कातडीचा नव्हता, जन्माचा होता.

एक विलक्षण गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. फुल्यांनी आपल्या समाजाचे दुखणे सांगण्यासाठी अमेरिकेचा ‘गुलामगिरी’ हा शब्द उसना घेतला. त्याच सुमारास, १८६९ साली, अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी पुढारी चार्ल्स सम्नर याने आपल्या देशातील वर्णभेद सांगण्यासाठी जातीचा प्रश्न या विषयावर व्याख्यान दिले आणि भारतातील जातिसंस्थेचा दाखला दिला. पुढेही हा व्यवहार चालू राहिला. १९४८ साली ऑलिव्हर कॉक्स याने जात आणि वर्ण यांची सरमिसळ करण्यास कडाडून विरोध केला; २०२० साली इझाबेल विल्करसन यांनी अमेरिकेच्या वर्णव्यवस्थेस पुन्हा ‘जात’ हेच नाव दिले. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले असता केरळातील एका शाळेत अमेरिकेतील अस्पृश्य बंधू म्हणून त्यांची ओळख करून देण्यात आली. आधी त्यांना धक्का बसला, मग ते वर्णन त्यांना खरे वाटले, असे त्यांनीच पुढे सांगितले. प्रत्येक समाज आपल्या दुखण्याला दुसऱ्याचा शब्द वापरतो, कारण स्वतःच्या भाषेतील शब्द सवयीने बोथट झालेला असतो. आपल्याकडे ‘जात’ हा शब्द कानाला खुपत नव्हता, ‘गुलामगिरी’ खुपला.

उसन्या शब्दाची ही ताकद पुढे १९७२ साली ‘दलित पँथर’ या नावात दिसली. अमेरिकेत अध्ययन करून परतलेल्या म. ना. वानखडे यांच्यासारख्या समीक्षकांनी तत्पूर्वीच निग्रो साहित्याकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले होते. पण या संदर्भात नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या धामणगावात जन्मलेल्या दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) मला अधिक उद्बोधक वाटते. त्या शीर्षकात परका शब्द नाही. गावगाड्यातील ज्या शब्दाची आपल्याला सवय झाली होती, तोच शब्द लेखकाने पुन्हा खुपेल असा केला. तुलनेचे अंतिम साफल्य यात आहे, असे माझे मत आहे : दुसऱ्याच्या आरशात पाहून झाल्यावर आपल्या घरातील वस्तू आपल्या नावाने ओळखता आली पाहिजे.

६

आता वैयक्तिक अनुभवाविषयी. १९९० नंतरच्या दशकात मी एक वर्ष अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका विद्यापीठात होतो. राहण्यासाठी खोली शोधीत असता दूरध्वनीवर एका घरमालकाने जागा रिकामी असल्याचे सांगितले. मी दारात उभा राहिलो तेव्हा, जागा नुकतीच गेली, असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी विभागातील एका प्राध्यापकाने त्याला मी भारतातून आलेला अभ्यागत अध्यापक असल्याचे कळविले, आणि जागा पुन्हा रिकामी झाली. दिवेलागणीच्या अंधारात त्याने मला कोणी दुसराच समजला होता. त्याने क्षमाही मागितली. मी ती खोली घेतली.

त्या रात्री मला जे वाटले ते सांगितले पाहिजे. प्रथम संताप आला. परंतु त्या संतापाच्या तळाशी एक सुटकेची भावना होती : मी ‘तो’ नव्हे, हे सिद्ध झाल्याची. ज्या माणसाला ती जागा कधीच मिळाली नसती, त्याची आठवण मला फार उशिरा झाली. मायदेशी पाठविलेल्या पत्रांत मी वर्णद्वेषाविषयी आवेशाने लिहिले. या सुटकेविषयी एक अक्षर लिहिले नाही.

परतल्यावर तीनचार वर्षांनी माझ्या एका विद्यार्थ्यासाठी नगर शहरात खोली पाहावयास गेलो. घरमालक परिचयाचे, वयाने वडील. आम्ही त्यांना काका म्हणत असू. खोली दाखविली, भाडे सांगितले, चहा आला. मग त्यांनी मुलाला सहज विचारले, “आडनाव काय म्हणालात?” मुलाने सांगितले. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि मग, पुतण्या शिकायला यायचा आहे हे आपण विसरलोच होतो, असे म्हणाले. मला सर्व कळले. मी चहा संपविला, नमस्कार केला आणि बाहेर पडलो. रस्त्यावर आल्यावर मी काही तरी बोलणार तोच मुलगा म्हणाला, “सर, स्टँडच्या मागं बघू. तिकडं मिळते आमच्यातल्या पोरांना.” त्याच्या स्वरात राग नव्हता. मला लाज वाटली ती त्या राग नसण्याची.

अमेरिकेतील घरमालकाविरुद्ध मी विभागप्रमुखांकडे लेखी तक्रार केली होती. येथे मी चहा संपविला. दोन्ही प्रसंगी मी तोच होतो आणि माझी मतेही तीच होती. भेद इतकाच, की तेथे माझे काही जाणार नव्हते. येथे एक परिचय, एक घरोबा जाणार होता. नगरच्या मिशनरी शिक्षिकेस धाडणारे बोर्ड स्वदेशातील गुलामांच्या मालकांना दुखवू इच्छीत नव्हते, हे वाचताना पूर्वी मला आश्चर्य वाटे. आता वाटत नाही.

हा अनुभव किरकोळ आहे, आणि तो किरकोळच मानला पाहिजे. कारण या जिल्ह्याने याहून फार भयंकर गोष्टी पाहिल्या आहेत. मिसिसिपी संस्थानात १९५५ च्या ऑगस्टमध्ये एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची, गोऱ्या स्त्रीशी आगळीक केल्याच्या आरोपावरून, हत्या झाली. सर्व गोऱ्या ज्यूरीने आरोपींना निर्दोष ठरविले, आणि पुढल्याच वर्षी त्यांनी एका नियतकालिकास हत्येची कबुली दिली. अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीस या घटनेने चेतविले, असे इतिहासकार सांगतात. नगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात खर्डा येथे २०१४ च्या एप्रिलमध्ये १७ वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची, वरिष्ठ जातीच्या मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून, हत्या झाली. २०१७ साली सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार उलटले होते. एमेट टिलचे नाव आमच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातून ठाऊक असते. खर्ड्याचा उल्लेख वर्गात झाला की वर्ग शांत होतो आणि काही जण खाली पाहतात. तौलनिक अभ्यासाचा खरा आरंभ त्या शांततेपासून व्हावयास हवा.

७

या विवेचनातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे :

पहिला, मराठी विचाराने अमेरिकेच्या वर्णप्रश्नाकडे तीन प्रकारे पाहिले. फुल्यांसाठी तो दाखला होता, रमाबाईंसाठी निरीक्षणाचा विषय होता, आंबेडकरांसाठी सहप्रवाशाचा प्रश्न होता. या तीन दृष्टी एकमेकींच्या जागी वापरता येणार नाहीत. विद्यार्थ्याने आपण यांपैकी कोणती घेत आहोत हे आधी स्पष्ट करावे.

दुसरा, उगमाचे साम्य आणि स्थितीचे साम्य यांत भेद केला पाहिजे. पहिले बव्हंशी असिद्ध आहे. दुसरे नाकारता येत नाही. जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून तुलनाच नको, असे म्हणणारे पहिल्याचे खंडन करून दुसऱ्याचेही खंडन झाले असे भासवितात. हा तर्कदोष आहे.

तिसरा, जात आता स्वतःच अमेरिकेस पोहोचली आहे. २०२० साली कॅलिफोर्नियात एका मोठ्या संगणक कंपनीतील जातिभेदाच्या आरोपावरून शासकीय विभागाने दावा लावला; २०२३ च्या फेब्रुवारीत सिअॅटल नगरपरिषदेने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली; त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये नाकारले. वर्णद्वेषाची तक्रार करणारे भारतीय आणि जातिभेदाचा आरोप असणारे भारतीय हे तेथे एकाच समाजाचे घटक आहेत. तेव्हा ‘तेथील वर्ण’ आणि ‘येथील जात’ अशी सोयीस्कर वाटणी यापुढे करता येणार नाही.

फुल्यांच्या अर्पणपत्रिकेचा दुसरा भाग, म्हणजे स्वदेशीयांस केलेले आवाहन, दीडशे वर्षांनंतरही पुरता वाचला गेलेला नाही. आपण अमेरिकेची स्तुती वाचली, पुढे अमेरिकेची निंदाही वाचली. दोन्हींत आपण प्रेक्षकच राहिलो. ते आवाहन प्रेक्षकास नव्हते, भेदभावाचा लाभ घेणाऱ्यास होते. नगरच्या त्या घरात चहा संपविणाऱ्या मलाही ते होते. माझा विद्यार्थी आज एका महाविद्यालयात अध्यापक आहे. तो प्रसंग त्याला आठवतो की नाही, हे मी त्याला अजून विचारलेले नाही. हा लेख छापून आल्यावर त्याची एक प्रत त्याच्याकडे धाडणार आहे.